अवयवदानात घरच्यांशी बोलतं कोण? ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर व्हायचं तर काय शिकावं लागतं?

पुणे-सोलापूर महामार्गावर दौंड तालुक्यातलं भांडगाव आहे. सोलापूरहून पुण्याला अवयव नेताना ग्रीन कॉरिडॉर इथूनच जातो. ॲम्ब्युलन्सचा व्हिडिओ व्हायरल होतो, सर्जनचं नाव पेपरात येतं. पण त्याआधी आयसीयूबाहेर कुणीतरी एका कुटुंबाशी बोललेलं असतं. तो माणूस म्हणजे ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर.

हे पद ऐच्छिक नाही. 1994 च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यात 2011 मध्ये दुरुस्ती झाली. त्या दुरुस्तीनुसार कोऑर्डिनेटर नेमल्याशिवाय रुग्णालयाची नोंदणीच होत नाही. आणि यासाठी डॉक्टरच असावं लागतं असंही नाही. 2014 च्या नियमांनुसार डॉक्टर, नर्स किंवा कोणत्याही विषयाचा पदवीधर चालतो. समाजकार्य, समाजशास्त्र, सार्वजनिक आरोग्य अशा विषयातली पदव्युत्तर पदवी असेल तर प्राधान्य.

आता खरं काम बघा. समजा, भांडगावजवळ अपघात झाला. डोक्याला जबर मार लागलेल्या तरुणाला पुण्यात हलवलं, पण मेंदू कायमचा थांबला. व्हेंटिलेटरमुळे छाती वरखाली होतेय, अंग गरम आहे. अशा वेळी आई म्हणणारच, ‘अहो, श्वास चालूय की त्याचा!’

मेंदूमृत्यू एकट्या डॉक्टरच्या सांगण्यावर ठरत नाही. चार डॉक्टरांचं पॅनेल किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करतं आणि प्रत्यारोपण करणाऱ्या टीममधला कुणीही त्यात नसतो. हे साध्या मराठीत समजावता येणं, हाच प्रशिक्षणाचा गाभा. मृत्यूची बातमी आधी डॉक्टरांनी सांगायची. ती घरच्यांच्या मनात उतरू द्यायची. मगच दानाचा विषय काढायचा. दोन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या, तर ‘अवयवांसाठीच मेलेला ठरवला’ हा संशय येतो, आणि तो रास्तच म्हणायला हवा. ‘नाही’ हे उत्तरही तितक्याच शांतपणे घ्यावं लागतं.

‘हो’ म्हटल्यावर धावपळ सुरू होते. संमतीचा फॉर्म 8, मेंदूमृत्यूचा फॉर्म 10. अपघात असल्याने पोलिसांची परवानगी आणि शवविच्छेदन. मग विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राला, म्हणजे झेडटीसीसीला कळवणं. अवयव कुणाला द्यायचा हे तिथल्या प्रतीक्षायादीवरून ठरतं, कोऑर्डिनेटरच्या मर्जीवर नाही. हृदय बाहेर काढल्यावर साधारण चार-सहा तासच टिकतं, त्यामुळे फोन रात्री दोनलाही येतो.

शिकायचं कुठे? 1997 मध्ये चेन्नईत सुरू झालेली मोहन फाउंडेशन कोऑर्डिनेटरसाठी अभ्यासक्रम चालवते. मुंबईत केईएममधलं रोटो-सोटो आणि झेडटीसीसी यांच्याही कार्यशाळा होतात. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी चार झेडटीसीसी आहेत.

अडचण पुढे येते. हॉस्पिटलमधल्या समाजसेवा अधिकाऱ्याच्या गळ्यात हे काम ‘जादा’ म्हणून मारलं, की कार्यशाळेत शिकलेलं वापरायला उसंतच राहत नाही. सुरुवातीचं प्रशिक्षण आणि ठरावीक काळाने उजळणी ही नियमांनुसार संस्थेची जबाबदारी आहे. त्यामुळे मुलाखतीत पगाराबरोबर तीन प्रश्न विचाराच: काम पूर्णवेळ आहे का, पहिल्या काही केसेसमध्ये सोबत अनुभवी कोऑर्डिनेटर असेल का, आणि रात्रभर जागल्यावर दुसऱ्या दिवशी सुट्टी मिळते का.