आधी हिशेब, मग भेट

आखाडा बाळापूर हे कळमनुरी तालुक्यातले, नांदेड–हिंगोली रस्त्यावरचे बाजारगाव. कृषी उत्पन्न बाजार समिती, तिच्या आधाराने उभी राहिलेली अडत दुकाने, बी-बियाणे आणि खतांची कृषी सेवा केंद्रे, कापडाची, किराण्याची, औषधांची दुकाने, दवाखाने, पतसंस्था आणि गॅरेज यांवर अशा गावाचा व्यवहार चालतो. इथे नोकरी म्हणजे बहुधा दोन-चार, फार तर आठ-दहा माणसांच्या ठिकाणची नोकरी. मुनीम, काउंटरवरचा पोऱ्या, झाडलोट करणाऱ्या मावशी, रात्रीचा राखणदार, सगळे एकमेकांना आणि मालकाला घरादारासकट ओळखतात. दिवाळी जवळ आली की प्रत्येक मालकापुढे एकच प्रश्न उभा राहतो : माणसांना काय द्यायचे? पुष्कळदा त्याचे उत्तर धनत्रयोदशीच्या गर्दीत घाईने शोधले जाते आणि एकाच मापाचे मिठाईचे डबे सगळ्यांच्या हातात पडतात. या प्रश्नाकडे थोडे सावकाश पाहायला हवे. छोट्या भेटीचे मोल दोन गोष्टींवर ठरते. त्या माणसाचे हक्काचे देणे आधी चुकते झाले आहे का, ही पहिली. आणि भेट निवडताना त्याचा स्वतंत्र विचार झाला आहे का, ही दुसरी. पहिली गोष्ट नसेल तर दुसरीला अर्थ उरत नाही.

हक्काचे देणे म्हणजे काय, हे कायद्याने बऱ्यापैकी स्पष्ट केले आहे. १९६५ च्या बोनस कायद्याने, पुढच्या दुरुस्त्यांसह, वर्षभराच्या वेतनाच्या किमान ८.३३ टक्के आणि जास्तीत जास्त २० टक्के बोनस ठरवून दिला. ८.३३ टक्के म्हणजे वर्षाचा बारावा हिस्सा, साध्या हिशेबात एका महिन्याचा पगार. हिशेबाचे वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांच्या आत तो द्यावा लागतो. ३१ मार्चला वर्ष संपत असेल तर ही मुदत ३० नोव्हेंबरला भरते, त्यामुळे बोनसचा आणि दिवाळीचा मेळ सहज बसतो. २०१९ च्या वेतन संहितेनेही किमान टक्केवारी तीच ठेवली. मात्र दुकाने आणि आस्थापनांच्या बाबतीत हा नियम वीस किंवा अधिक माणसे असतील तिथेच लागू होतो. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानेही दहापेक्षा कमी माणसांच्या दुकानांकडून नोंदणीऐवजी केवळ माहिती कळवण्याची अपेक्षा ठेवली. बाळापूरसारख्या गावातली बहुतेक दुकाने या आकड्यांच्या खालीच राहतात. किमान वेतन त्यांनाही चुकत नाही, पण दिवाळीला काय द्यायचे हे तिथे कोणताही निरीक्षक येऊन तपासत नाही. ते सर्वस्वी मालकाच्या मनावर असते. म्हणूनच मोठ्या कंपन्यांपेक्षा लहान गावात या प्रश्नाला अधिक वजन आहे.

बोनस हा हक्क आहे, हे मान्य होण्यासाठी महाराष्ट्रातल्या कामगारांनी फार मोठी किंमत मोजली आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ मध्ये, मुंबईच्या गिरणीमालकांनी कामगारांना युद्धाचा बोनस म्हणून वेतनावर १० टक्के जादा द्यायला सुरुवात केली. पुढे नफा घटला तेव्हा १९२३ मध्ये त्यांनी हात आखडता घेतला आणि १९२४ च्या सुरुवातीला गिरण्या संपाने बंद पडल्या. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर नॉर्मन मॅक्लाउड यांच्या अध्यक्षतेखालील समितीने बोनसवर कामगारांचा कोणताही बंधनकारक हक्क नाही, असा निष्कर्ष काढला. म्हणजे मालकाने खुशीने दिले तर घ्यावे, नाही दिले तर गप्प बसावे. १९५० मध्ये बोनससाठीच मुंबईच्या गिरण्यांत समाजवाद्यांच्या नेतृत्वाखाली दीर्घ संप झाला. त्याच वर्षी श्रम अपील न्यायाधिकरणाने नफ्यातून बोनस काढण्याचे सूत्र घालून दिले, आणि १९६५ मध्ये कायदा आला. तरीही वाद मिटला नाही. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या दत्ता सामंतांच्या गिरणी संपाची ठिणगी १९८१ च्या दिवाळीतल्या बोनसच्या असंतोषातच पडली होती. मालकाच्या मर्जीची भेट आणि कामगाराचा हक्क यांतले अंतर कापायला जवळजवळ अर्धे शतक गेले. हा इतिहास ठाऊक असलेला कोणीही मिठाईचा डबा बोनसच्या जागी ठेवणार नाही.

ही गल्लत आजही होते, आणि केवळ खासगी दुकानात होते असे नाही. महाराष्ट्रात अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना राज्य सरकार दिवाळीला २,००० रुपयांची ‘भाऊबीज भेट’ देते. गावातल्या लहान मुलांचे वजन घेणे, पोषण आहार, गरोदर बायकांच्या नोंदी, सर्वेक्षणे अशी कामे करणाऱ्या या बायकांना जे मिळते ते मानधन म्हणून, वेतन म्हणून नाही. भावाने बहिणीला ओवाळणी घालावी तशी ही रक्कम दिली जाते, आणि तिच्यामागची आपुलकी खोटी मानण्याचे कारण नाही. पण या बायकांच्या संघटना वर्षानुवर्षे वेतनश्रेणी, निवृत्तिवेतन, ग्रॅच्युइटी मागत आहेत. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत, असा निर्णय दिला. ओवाळणी हवीच आहे. मात्र तिच्या आडून हक्काचा विषय मागे पडता कामा नये. बाळापूरच्या अडत दुकानाला हाच न्याय लागू पडतो. मुनिमाचा दोन महिन्यांचा पगार थकला असेल आणि दिवाळीला त्याच्या हातात काजूकतलीचा डबा पडला, तर तो डबा त्याला गोड लागणार नाही.

यावर कोणी विचारेल, हक्काचे सगळे दिले, मग वर भेट कशाला? तेवढे पैसेच वाढवून द्यावेत. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अर्थशास्त्रज्ञ जोएल वॉल्डफोगेल यांनी १९९३ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये नाताळच्या भेटींचा हिशेब मांडला. भेट घेणाऱ्याच्या लेखी तिचे मोल तिच्या किमतीपेक्षा साधारण दहा टक्क्यांपासून एक तृतीयांशापर्यंत कमी असते, असे त्यांना आढळले. म्हणजे न विचारता आणलेल्या वस्तूंत पैशाचा काही भाग वाया जातो. आपल्याकडे एका घरातून दुसऱ्या घरात फिरत राहणारे सोनपापडीचे डबे याचाच पुरावा आहेत. पण गोष्ट इथे संपत नाही. त्याच नियतकालिकात २०१२ मध्ये सेबास्टियन क्यूबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा जर्मनीतला प्रयोग प्रसिद्ध झाला. एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी करायला काही विद्यार्थी थोड्या वेळासाठी कामावर घेतले होते. काहींना ठरलेल्या मजुरीवर सुमारे ७ युरो रोख जादा दिले, तर काहींना तेवढ्याच किमतीची थर्मास बाटली भेट दिली. रोख मिळालेल्यांच्या कामात नाव घेण्यासारखा फरक पडला नाही. बाटली मिळालेल्यांनी मात्र साधारण एक चतुर्थांश अधिक नोंदी केल्या. त्याहून बोलके आहे ते पुढचे. निवड करायला सांगितली तेव्हा बहुतेकांनी रोखच मागितली, पण निवडीची मुभा मिळाल्यावर त्यांचेही काम वाढले. आणि तेवढीच रोख रक्कम नोटेच्या घड्यांची सुबक आकृती करून दिली तेव्हा तिचाही परिणाम बाटलीइतका झाला. वस्तू की पैसे, हा वाद त्यामुळे दुय्यम ठरतो. आपल्यासाठी कोणीतरी वेळ काढला, हे समोरच्याला कळले की भेट पोचते. म्हणून मालकाला रोखच द्यायची असेल तर खुशाल द्यावी. पण प्रत्येकाच्या नावाचे पाकीट करून, चार चौघांत, आपल्या हाताने.

या प्रयोगाचा कोणी उलटा अर्थ काढू नये. सात युरोंत पंचवीस टक्के जादा काम विकत मिळते, असा हिशेब करून दिलेली भेट ही भेट राहत नाही. उरी नीझी आणि जॉन लिस्ट यांनी २००६ मध्ये दाखवले की ठरल्यापेक्षा जास्त मजुरी मिळाल्यावर वाढलेला उत्साह काही तासांतच ओसरतो. माणूस एका डब्याने वर्षभर राबत नाही, आणि त्याने राबावे अशी अपेक्षा धरणेही बरोबर नाही. सुरतचे हिरे व्यापारी सावजी ढोलकिया यांनी दिवाळीला कर्मचाऱ्यांना मोटारी आणि घरे दिल्याच्या बातम्या दरवर्षी आठवल्या जातात, पण तो चढाओढीचा मार्ग लहान दुकानदाराने धरण्याची गरज नाही. भेट लहान असली की घेणाऱ्याच्या मनावर उपकाराचे ओझे बसत नाही, हाच तिचा मोठा गुण आहे. परतफेड करता येणार नाही अशी भेट माणसाला मिंधे करते. छोटी भेट त्याला बरोबरीने उभे राहू देते.

मग निवडायचे कसे? पहिला प्रश्न, यादीत कोण कोण आहे. मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, दिवाळीच्या तोंडावर सोयाबीनची आवक वाढते. हमाल पाठीवर कट्टे घेऊन ट्रक भरतात, मापाडी काट्याजवळ उभा असतो, चाळणीवर बायका धान्य साफ करतात आणि सांडलेले दाणे झाडून गोळा करतात. यांतले बरेच जण मालकाच्या पगारपत्रकावर नसतात. त्यांना कट्ट्यामागे हमाली किंवा दिवसाची मजुरी मिळते. हमालांच्या हक्कांसाठी महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा केला, पण त्याचे संरक्षण प्रत्येक लहान बाजारात सारखे पोचलेले नाही. ज्याच्या पाठीवरून आपला माल जातो, तो आपलाच माणूस समजावा आणि यादी पगारपत्रकावरून न करता कामावरून करावी. दुसरा नियम समानतेचा. बोनस पगाराच्या प्रमाणात कमी-जास्त असू शकतो, कारण तो कामाचा मोबदला आहे. भेट मात्र मुनिमाला आणि झाडलोट करणाऱ्या मावशींना एकाच मोलाची हवी. मुनिमाला सुक्यामेव्याची पेटी आणि मावशींना पाव किलो शेव दिली, तर भेटीने मान वाढण्याऐवजी उतरंड पक्की होते.

तिसरा नियम वेळेचा. २०२२ च्या दिवाळीत राज्य सरकारने शिधापत्रिकाधारकांना १०० रुपयांत रवा, हरभरा डाळ, साखर प्रत्येकी एक किलो आणि एक लिटर पामतेल असा ‘आनंदाचा शिधा’ जाहीर केला. कल्पना चांगली होती, पण बऱ्याच ठिकाणी संच उशिरा किंवा अपुरे पोचल्याच्या तक्रारी झाल्या. फराळ होऊन गेल्यावर आलेला रवा कोणाच्या कामाचा? दुकानातल्या माणसाला द्यायचे ते वसुबारसेच्या आधी आठवडाभर द्यावे, म्हणजे ते त्याच्या घरच्या तयारीत धरले जाते. लक्ष्मीपूजनाच्या रात्री, दुकानातली पूजा आटोपल्यावर दिलेली वस्तू दुसऱ्या दिवशीच पोचते, आणि तोवर घरची खरेदी उसनवारीवर झालेली असते.

वस्तूचे म्हणाल तर गावाच्या आसपासच पुष्कळ आहे. हिंगोली जिल्हा हळदीचा. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. उन्हाळ्यात शिजवून, वाळवून, पॉलिश केलेल्या हळदीची पूड दिवाळीपर्यंत तयार असते. बाहेरगावहून कामाला आलेल्याला अर्धा किलो चांगली हळद वर्षभर पुरते आणि आठवणीत राहते. पण ज्याच्या स्वतःच्या शेतात हळद आहे, त्याला तीच देण्यात काय अर्थ? त्याच्यासाठी दुसरे काही शोधावे. नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीचे कापड राष्ट्रध्वजासाठी वापरले जाते. त्याच परंपरेतला जाड सुती टॉवेल हमालाच्या खांद्यावर रोज कामी येतो, आणि हळदीपेक्षा त्याला तोच अधिक आवडेल. कापड दुकानात उभे राहून काम करणाऱ्या मुलींना दिवाळीच्या आठवड्यात रात्री उशिरापर्यंत थांबावे लागते, घरी जाऊन चकल्या तळायला त्यांच्यात त्राण नसते. त्यांना महिला बचत गटाकडून करून घेतलेला घरगुती फराळ द्यावा. त्यामुळे गावातल्याच दुसऱ्या चार बायकांच्या हाताला कामही मिळते. जेवणाचा डबा द्यायचा असेल तर झाकण घट्ट बसते का, आमटी सांडते का, हे पाणी भरून, उलटा करून पाहावे. गळका डबा दिल्यापेक्षा न दिलेला बरा.

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मौल्यवान भेट मात्र सुट्टीची आहे. दुकानदाराला ही गोष्ट जड जाते, कारण दिवाळी हाच त्याचा हंगाम. पण भाऊबीजेला माहेरी जायचे असते, एसटीला गर्दी असते आणि अर्ध्या दिवसाच्या परवानगीसाठी मालकाच्या तोंडाकडे पाहावे लागते. त्याऐवजी कोण भाऊबीजेला जाणार, कोण पाडव्याला, कोण नंतर, हे आधीच ठरवून भिंतीवर लावले तर दुकानही चालते आणि प्रत्येकाचा सणही होतो. ‘परवडत नाही’ म्हणणाऱ्या मालकाला एवढे नक्कीच परवडते.

दिवाळीच्या या दिवसांत ज्यांच्याकडे कोणी काम करते, मग तो अडत्या असो, डॉक्टर असो, दुकानदार असो की घरी धुणीभांडी करणाऱ्या मावशींवर विसंबून असलेले कुटुंब असो, त्यांनी तीन गोष्टी याच क्रमाने कराव्यात. थकलेला पगार आणि ठरलेला बोनस चुकता करावा. प्रत्येकाच्या घरात काय उणे आहे, हे त्यालाच विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही. आणि मग पाचशे रुपयांची का होईना, त्याच्यासाठीच निवडलेली वस्तू सणाच्या आधी त्याच्या हातात द्यावी. यंदा डबे आणायला जाण्यापूर्वी पगाराची वही एकदा उघडून पाहा.