सबमिशनची दिवाळी

दिवाळी जवळ आली की घरोघर भाजणीचा वास सुटतो, माळ्यावरचे आकाशकंदील खाली येतात आणि बोनसच्या बातम्या रंगू लागतात. पण ज्या घरातला मुलगा किंवा मुलगी इंजिनिअरिंगला आहे, त्या घरात या दिवसांत एक निराळाच शब्द घुमत असतो. तो शब्द म्हणजे सबमिशन! आई चकलीचा सोऱ्या हातात घेऊन विचारते, "अरे, खाऊन तरी बघ." आतून उत्तर येते, "आई, सबमिशन आहे!" आईला वाटते, मुलाच्या मानगुटीवर कुणी सावकार बसला आहे. आणि ते अगदीच खोटे नाही. टर्मभर उधारीवर काढलेले दिवस या पंधरवड्यात व्याजासकट फेडावे लागतात.

मी मराठीचा प्राध्यापक. दहावीनंतर गणिताने मला आणि मी गणिताला सोडले, ते कायमचे. तेव्हा इंजिनिअरिंगविषयी लिहिण्याचा अधिकार मला नाही, हे वाचकांनी म्हणण्याआधी मीच म्हणून टाकतो. परंतु गेल्या दिवाळीत चार दिवस अशा एका विद्यार्थ्याच्या घरी राहण्याचा योग आला. तोवर मीही समजत होतो की ही मुले टर्म संपताना थकतात ती अभ्यासाने. तिथे कळले ते वेगळेच.

चिचगडची वाट

गोंदिया जिल्ह्याच्या देवरी तालुक्यात चिचगड नावाचे गाव आहे. नागपूरहून भंडारा, लाखनी, साकोली करीत महामार्गाने देवरीला यायचे आणि तिथून आत वळायचे. वळल्यावर दोन्ही बाजूंना जंगल लागते आणि जंगलाच्या मधून मधून धानाच्या बांध्या. पूर्वी हे जमीनदारीचे गाव होते. १९९९ साली भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तेव्हा हा भाग त्याच्याकडे आला.

माझा एक जुना विद्यार्थी तिकडे शाळामास्तर आहे. मला झाडीबोलीतले शब्द गोळा करण्याचा छंद आहे, आणि दिवाळीनंतर त्या भागात मंडईचे दिवस सुरू होतात. दंडार, नाटके, गावोगावची पाहुणेमंडळी! शब्द वेचायला याहून चांगला मोसम नाही. म्हणून त्याने मला घरी बोलावले होते. त्याचा धाकटा भाऊ नागपूरला स्थापत्य अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होता. त्यांच्या घरातला तो पहिला इंजिनिअर. म्हणजे व्हायचा होता. पण गावाने ती पदवी त्याला आधीच देऊन टाकली होती. रस्त्याने जाताना म्हातारी माणसेसुद्धा त्याला "का इंजिनेर" म्हणून हाक मारीत, आणि तो मान खाली घालून हसे.

घरी दोन-अडीच एकर धान. हलके धान दिवाळीला कापणीला येते, भारी धान त्यानंतर. सारे घर पहाटे विळे घेऊन बांधीत जाई. कापलेल्या धानाच्या कडपा पसरायच्या, वाळल्या की भारे बांधायचे, पुंजणे रचायचे. या सगळ्या धांदलीत हा मुलगा ओसरीवर बसून लिहीत होता. त्याची लेखी परीक्षा दिवाळीनंतर होती. विळा हातात घ्यायला तो दोनदा उठला आणि दोन्ही वेळा वडिलांनी त्याला परत बसवले. आई मला म्हणाली, "सर, पोरगा राती बी लिवतच रायते जी. एवढं लिवून का करतेत?"

मला उत्तर देता आले नाही. म्हणून मी मुलालाच विचारले.

दोनशे पानांचे त्रैराशिक

त्याने जे सांगितले ते असे. टर्म संपायच्या सुमारास प्रत्येक विषयाचे जर्नल पुरे करून द्यायचे असते. पाच विषय, प्रत्येकी दहा प्रयोग, एका प्रयोगाला साधारण चार पाने. म्हणजे दोनशे पाने झाली. एका पानाला पंधरा मिनिटे धरली तर पन्नास तास! माझ्यासारख्याला एवढे त्रैराशिक जमते. शिवाय इमारतींच्या आराखड्यांच्या शीटा वेगळ्या. हे सारे जेमतेम आठवड्यात उरकायचे, कारण पहिले दोन महिने "अजून खूप वेळ आहे" या आनंदात गेलेले असतात. त्यातच ज्यांची हजेरी पंचाहत्तर टक्क्यांना टेकत नाही त्यांची नावे फळ्यावर लागतात, आणि ती मंडळी अर्ज घेऊन विभागप्रमुखांच्या दारात उभी राहतात.

त्या आठवड्यात वसतिगृहात रात्र होतच नाही. रात्री तीन वाजता चहा, पहाटे तर्री-पोहे. झेरॉक्सच्या दुकानापुढे रेशनच्या दुकानासारखी रांग. सही करणारे सर नेमके त्याच दिवशी कुठल्याशा बैठकीला गेलेले असतात. एकाने जर्नल लिहायचे आणि चाळीसजणांनी त्यावरून उतरवायचे, ही तर जुनी परंपरा. ज्याचे अक्षर चांगले आणि स्वभाव भोळा, त्याचे जर्नल खोल्याखोल्यांतून असे हिंडते की परत येते तेव्हा त्याला हळदीचे आणि चहाचे डाग पडलेले असतात.

शीटांसाठी आणखी एक युक्ती आहे. मोठी काच दोन खुर्च्यांवर आडवी ठेवायची, तिच्याखाली दिवा लावायचा, काचेवर मित्राची शीट आणि तिच्यावर आपला कोरा कागद. खालच्या रेघा वर उमटतात, मग आपण फक्त गिरवायचे. याला हे लोक "जी. टी. मारणे" म्हणतात. जी. टी. म्हणजे ग्लास ट्रेसिंग. काच कुठून आणता म्हणून विचारले तर म्हणाला, "खिडकीची काढतो, सर. सबमिशन झालं की परत बसवतो." दिवाळीच्या तोंडावर घरोघर पणत्या लागतात, तेव्हा या मुलांच्या खोल्यांतून काचेखालचे दिवे लागलेले असतात.

मोबाइलला प्रश्न विचारला की तो क्षणात उत्तर लिहून देतो, असा आजचा काळ. पण जर्नल मात्र हातानेच लिहायचे! यातली गंमत सोडली तर उरते ते काही हसण्यासारखे नाही. पन्नास तासांत हात चालतो, डोके चालत नाही. उतरवता उतरवता प्रयोग कशासाठी होता हेच विसरते, आणि तोंडी परीक्षेच्या खुर्चीत बसल्यावर ते आठवू लागते.

तोंडी परीक्षेची गोष्ट

दिवाळीला घरी येण्याच्या दोनच दिवस आधी त्याची द्रवयांत्रिकीची तोंडी परीक्षा झाली होती. बाहेरगावचे परीक्षक. त्यांनी इंग्रजीत विचारले की बांधाचा पाया रुंद आणि माथा अरुंद का ठेवतात? मुलगा गप्प. त्यांनी पुन्हा विचारले. पुन्हा गप्प. त्याला पाठ केलेल्या व्याख्येचे पहिले तीन शब्द आठवत होते, चौथा येत नव्हता.

आता हा मुलगा कुठला, तर तलावांच्या मुलखातला. भंडारा-गोंदियाच्या या पट्ट्यात गोंडराजांच्या काळापासून कोहळी समाजाने बांधलेले हजारो तलाव आणि बोड्या आहेत. आपण त्यांना माजी मालगुजारी किंवा मामा तलाव म्हणतो. त्यांच्या पाळी कुठल्या कॉलेजातल्या नकाशावरून घातलेल्या नाहीत, तरी त्यांच्या पाण्यावर आजही धान पिकते. दर उन्हाळ्यात वडिलांबरोबर बोडीच्या पाळीवर माती टाकायला हा लहानपणापासून जातो. पाण्याचा दाब खोलीप्रमाणे वाढतो, दोन मीटरांवर तो एका मीटरावरच्या दुप्पट असतो, हे त्याने पुस्तकात उशिरा वाचले. तुडुमाचे खालचे भोक उघडले की पाणी किती जोराने येते, हे त्याने पायांनी आधीच वाचले होते.

परीक्षक भले गृहस्थ असावेत. नाव-गाव विचारून झाल्यावर ते मराठीत म्हणाले, "तुमच्याकडे बोडी असेल ना? पाळ खाली निमुळती केली तर काय होईल?" मुलगा चटकन बोलला, "फुटेल, सर. खाली पाण्याचा जोर जास्त. आणि मातीतून पाणी झिरपते, पाय अरुंद ठेवला तर ते पलीकडून बाहेर निघते आणि माती घेऊन जाते." परीक्षकांनी मान डोलावली आणि म्हणाले, "हेच आता पेपरात इंग्रजीत लिहा म्हणजे झाले."

हे सांगून मुलगा मला म्हणाला, "सर, झालं तर तेच नाही ना!"

भाषेचा पेपर

आपल्याकडे इंजिनिअरिंगचे शिक्षण परभाषेतून सुरू झाले त्याला कारण होते. पुण्यात १८५४ साली जी शाळा निघाली ती सरकारच्या बांधकाम खात्याला दुय्यम अधिकारी पुरवण्यासाठी. तीच पुढे पुण्याचे इंजिनिअरिंग कॉलेज झाली. विश्वेश्वरय्या तिथूनच १८८३ साली पहिल्या क्रमांकाने बाहेर पडले. विद्यार्थिदशेत बंगलोरला शिकवण्या करून त्यांनी शिक्षण केले होते, हेही आपल्या मुलांना सांगण्यासारखे आहे. नागपुरात १९१४ साली इंजिनिअरिंगची सरकारी शाळा निघाली, १९६० साली विश्वेश्वरय्यांच्याच नावाचे प्रादेशिक कॉलेज आले. १९८३ पासून महाराष्ट्रात विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी मिळाली आणि इंजिनिअरिंग लहान गावांच्या आवाक्यात आले. दार रुंद झाले, पण उंबरठा होता तेवढाच उंच राहिला.

प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने तांत्रिक विषयांचे परिभाषा कोश काढले. २०२१ साली अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने देशातल्या चौदा कॉलेजांना पाच भारतीय भाषांतून इंजिनिअरिंग शिकवण्यास मान्यता दिली, त्यांत मराठी होती. परिषदेने मराठीसह अनेक भाषांत पाठ्यपुस्तकेही तयार करवली. पण चिचगडचा मुलगा त्या चौदांपैकी एकातही नव्हता, आणि त्याचा पेपर तीन आठवड्यांवर आला होता.

मग आम्ही तीन संध्याकाळी एक उद्योग केला. मी झाडीबोलीचे शब्द लिहायला नेलेली वही निम्मी कोरी होती. तिच्यात तीन रकाने पाडले. पहिल्यात पुस्तकातला इंग्रजी शब्द, दुसऱ्यात कोशातला मराठी, तिसऱ्यात त्याच्या घरचा किंवा गवंड्याचा. ओळंबा, पाणसळ, गुण्या, पाळ, तुडुम असे शब्द भराभर येऊ लागले. कोशातले काही मराठी शब्द त्याला इंग्रजीपेक्षा अवघड वाटले, आणि खरे सांगायचे तर मलाही. तिसरा रकाना मात्र त्याने माझ्या मदतीशिवाय भरला. मधेच वडील बांधीतून आले, पाय धुऊन आमच्याजवळ बसले आणि दोन शब्द त्यांनी दुरुस्त केले! इंजिनिअरिंगच्या अभ्यासात आपलाही हात लागतो हे त्या माणसाला प्रथमच कळले असावे. त्यानंतर ते रोज बसू लागले.

तिसऱ्या संध्याकाळी मुलाने बापासमोर एक गोष्ट काढली. पहिल्या वर्षाच्या गणितात त्याची "बॅक" होती. म्हणजे तो विषय राहिला होता, आणि दुसऱ्या वर्षाच्या विषयांबरोबर त्याचाही पेपर द्यायचा होता. हे त्याने सहा महिने घरी सांगितले नव्हते. सारे गाव इंजिनेर म्हणून हाक मारीत असताना सांगणार तरी कसे? टर्मअखेरीचे खरे ओझे ते होते. दोनशे पाने त्या मानाने हलकी. बापाने ऐकून घेतले. थोड्या वेळाने म्हणाला, "एखाद्या साली रोवणी बी दोनदा करा लागते." आणि उठून पुंजण्याकडे गेला.

निकाल फेब्रुवारीत लागला. द्रवयांत्रिकी बऱ्या गुणांनी सुटली. गणित याही खेपेस राहिले. पण या वेळी घरी फोन त्याने स्वतः केला, निकाल लागला त्याच दुपारी. मला त्यानंतर केला. उन्हाळी परीक्षेला तो पुन्हा बसला आणि सुटला.

वाचकहो, हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा तुमच्याही घरात कुणी फराळाची बशी बाजूला सारून जर्नल उतरवीत बसले असेल. तुमच्या घरी बोडी नसेल, इंग्रजीची अडचणही कदाचित नसेल. तरी एवढे करून पाहा. "किती विषय राहिले?" हा प्रश्न चार दिवस विचारू नका. त्याऐवजी एखादा प्रयोग आपल्या भाषेत, तुम्हाला कळेल असा सांगायला सांगा. तो अडखळेल, शब्द शोधील, मधेच चिडेलही. चिडू द्या. कुठे अडले ते त्याला तिथेच कळेल. आणि राहिलेल्या विषयाची गोष्ट असलीच, तर ती बहुधा त्यानंतर आपोआप निघेल.