प्रवाळ जलजीवालय

प्रवाळ जलजीवालय : प्रवाळे, समुद्रपुष्पे व त्यांच्या सहवासातील नाजूक सागरी प्राणी पाळण्याचे काचपात्र. धाराशिव (उस्मानाबाद) सारख्या समुद्रापासून दूरच्या जिल्ह्यात त्यासाठी कृत्रिम समुद्रजल तयार करावे लागते. कूपनलिकेच्या पाण्यात क्षार असल्याने आर. ओ. यंत्राने शुद्ध केलेल्या पाण्यात सागरी लवणांचे मिश्रण विरघळवितात. लवणता दर हजारी सु. ३५ व तापमान सु. २४°–२६° से. ठेवतात. बाष्पीभवनाने पाणी घटते, पण लवणे मागे राहतात. म्हणून ही घट शुद्ध गोड्या पाण्यानेच भरून काढतात.

शैल बांधणाऱ्या प्रवाळांचे बरेचसे पोषण त्यांच्या ऊतकांतील सूक्ष्म शैवलांच्या प्रकाशसंश्लेषणातून होते. उन्हाळ्यात पाणी फार तापल्यास ही शैवले बाहेर टाकली जातात. प्रवाळे पांढरी पडतात व ही स्थिती टिकल्यास मरतात. पूरक अन्न म्हणून आर्टेमिया या कवचधारी प्राण्याचे डिंभ थोडे थोडे देतात. उरलेले अन्न कुजून विषारी अमोनिया बनतो. त्याचे नायट्रेटात रूपांतर करणारे जीवाणू स्थिरावण्यास काही आठवडे लागतात. तोवर पात्रात प्राणी सोडत नाहीत.

महाराष्ट्रात मालवणलगतच्या समुद्रात प्रवाळे आढळतात. तथापि शैल बांधणारी प्रवाळे २००१ पासून वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत असल्याने ती समुद्रातून काढणे गुन्हा आहे.