लुईसची बुद्धिबळाची मोहरी : कुठली आणि कशासाठी?

स्कॉटलंडच्या लुईस बेटावर उईग परिसरात 1831 साली वाळूत एक ठेवा सापडला. त्यात बुद्धिबळाची 78 मोहरी, 14 गोल सोंगट्या आणि पट्ट्याचे एक बक्कल होते. मोहरी बहुतेक वॉलरसच्या सुळ्यांची, बाराव्या शतकाच्या अखेरीची किंवा तेराव्याच्या सुरुवातीची. राजाच्या मांडीवर आडवी तलवार आहे. राणीने उजवा हात गालाला लावला आहे. हत्तीच्या जागी पायदळ शिपाई आहेत आणि त्यांतले काही चक्क ढालीची कड चावताना दिसतात. नॉर्स कथांमधले रणोन्मत्त बर्सर्कर योद्धे ते हेच!

मोहरी घडवली कुठे, यावर वाद आहे. बहुतेक अभ्यासक नॉर्वेतल्या ट्राँडहाइमकडे बोट दाखवतात. तिथे अशाच राणीचा तुकडा मिळाला होता, शिवाय 1266 पर्यंत लुईस नॉर्वेच्याच सत्तेखाली होते. दुसरा पक्ष आइसलंडचा. तिथल्या स्कालहोल्ट धर्मपीठातली मार्ग्रेट ही निष्णात कोरीवकाम करणारी स्त्री म्हणून सागांमध्ये, म्हणजे जुन्या आइसलंडिक गाथांमध्ये, येते. मात्र तिथे अशा कामाची कार्यशाळा सापडलेली नाही, त्यामुळे ट्राँडहाइमचे पारडे जड वाटते.

हेतूचा प्रश्न अधिक रंजक. मोहरी किमान चार संचांची आहेत, पण प्यादी फक्त 19, हवीत 64. व्यापाऱ्याने लपवलेला माल, ही जुनी समजूत. बेटावरच्याच एखाद्या धनिकाचा हा खेळ असावा, असे 2009 मध्ये मांडले गेले. काही मोहरी नेफाताफ्ल या जुन्या नॉर्स पटखेळातही चालली असती.