लिव्हर मऊ की कडक?



हल्ली आपल्यापैकी बऱ्याच जणांना, विशेषतः डायबेटिसवाल्यांना, कुपत खोलिमचे डॉक्टर 'फायब्रोस्कॅन' करायला सांगतात. लगेच मला फोन येतात, "सिस्टर, लिव्हरचा कडकपणा मोजणार म्हणे. कॅन्सर तर नाही ना?" काही जण भीतीने जातच नाहीत. म्हणून आज ह्या तपासणीविषयी.

निरोगी लिव्हर मऊ असते. ज्यांनी घरी कलेजी साफ केली आहे त्यांना हे सांगायला नको. पण वर्षानुवर्षे चरबी साचली, दारू जास्त झाली, किंवा बी अथवा सी प्रकारची कावीळ मुरली, की आत सूज राहते आणि हळूहळू वण धरतात. वण वाढले की लिव्हर कडक होते. ते दुखत मात्र नाही, म्हणून पत्ता लागत नाही.

मी नोकरीत होते तेव्हा डॉक्टर बरगडीखाली बोटे दाबून अंदाज घेत. खात्री करायची तर सुईने लिव्हरचा तुकडा काढत. नंतर पेशंटला तासन् तास निजवून नाडी आणि बीपी बघत बसणे हे आमचे काम. फ्रान्समध्ये तयार झालेले हे यंत्र 2003 पासून वापरात आले आणि अनेकांची सुई टळली.

उजवा हात डोक्याखाली घेऊन उताणे झोपायचे. बरगड्यांच्या मधे जेल लावून यंत्र हलकीशी टिचकी मारते. त्या टिचकीची लाट लिव्हरमधून जाते. कपड्यांची दोरी सैल असली तर तिच्यावरून लाट सावकाश जाते, ताणलेली असली तर झपकन जाते. इथेही तसेच. मऊ लिव्हरमध्ये लाट सेकंदाला साधारण एक ते दीड मीटर जाते, कडक असले तर जास्त वेगाने. सोनोग्राफीच्या लहरी तिच्या सुमारे हजारपट वेगवान, म्हणून त्या तिचा पाठलाग करून वेग मोजतात. अशा निदान 10 मोजण्या घेऊन मधला आकडा 'किलोपास्कल'मध्ये देतात. सगळे दहा मिनिटांत होते.

आकडा 8 च्या खाली असेल तर मोठे वण असण्याची शक्यता कमी. त्याहून जास्त आला तर डॉक्टर पुढच्या तपासण्या सांगतात. हा आकडा कॅन्सरचा नव्हे, हे लक्षात ठेवा.

आणि वण नसतानाही आकडा वाढू शकतो. जेवल्यावर लिव्हरकडे रक्त जास्त जाते, म्हणून आधी निदान तीन तास काही खाऊ नका. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी सकाळची वेळ मागावी आणि औषध कधी घ्यायचे ते डॉक्टरांना विचारावे. हार्ट कमजोर असणे, ताजी कावीळ, पित्ताची नळी तुंबणे, ह्यांनीही आकडा चढतो. पोटात पाणी झाले असेल तर ही लाट पाण्यातून पुढे जात नाही. पेसमेकर असेल तर आधीच सांगा.

भिऊन घरी बसू नका. वेळेवर कळले तर वजन उतरवून, साखर ताब्यात ठेवून वण कमी होऊ शकतात. सी प्रकारची कावीळ तर आता दोन-तीन महिन्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांची बरी होते. रिपोर्ट फाइलमध्ये जपून ठेवा. पुढच्या वेळी तो शेजारी ठेवूनच नवा आकडा वाचायचा असतो.