उष्णोदकाची मुदत

‘उष्णोदक प्यावे’ हे शब्द आपल्या चिठ्ठीवर इतक्या सवयीने उमटतात की, ‘कधीपर्यंत’ हे लिहावयाचे राहून जाते. माझेही राहिले. पौषात कफज कासासाठी सांगितलेले गरम पाणी अकोल्याच्या एका आजोबांनी वैशाखातही सोडले नाही. त्या उन्हाळ्यात ते घशाखाली उतरेना. म्हणून दिवसाला जेमतेम दोन पेले. मूत्रदाह व भोवळ घेऊन आले. “डॉक्टरसाहेब, बंद करा असं कुठं म्हटलं होतं तुम्ही?” मी निरुत्तर झालो.

नवज्वर, कास, पीनस यांत वाग्भटाने उष्णोदक सांगितले, हे आपण पाठ म्हणतो. त्याच अध्यायात पित्तयुक्त दोषांत शृतशीत, म्हणजे उकळून निववलेले जल सांगितले आहे, आणि स्वस्थानेही पाणी बेताने प्यावे या नियमातून शरद व ग्रीष्म वगळले आहेत. दाह, भ्रम, अतिसार असता उष्ण जल देऊ नये, हे चरकाच्या विमानस्थानात आहे. कढत पाण्याचा हट्ट तर नकोच. ६५ अंश सेल्सिअसहून अधिक उष्ण पेये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये संभाव्य कर्ककारक ठरविली.

औषधालयाच्या चालकांनी षडंगपानीयाच्या पुडीवर ‘निववून, त्याच दिवशी संपवावे’ एवढे अवश्य छापावे. शिळे शृतजल त्रिदोषकारक होते.