वर्गातली ५ मिनिटे

मेंदूतील पेशींच्या विद्युत संदेशांत अचानक गोंधळ उडतो तेव्हा फिट येते. अशा फिट पुन्हा पुन्हा येण्याच्या विकाराला अपस्मार म्हणतात. मिरगी, फेफरे, आकडी ही त्याचीच नावे. जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार योग्य उपचार मिळाल्यास त्यांपैकी ७० टक्के लोक फिटविना जगू शकतात.

शाळेत या विकाराची पहिली ओळख बहुधा चुकते. मूल लिहिता लिहिता थांबते, काही सेकंद एकटक पाहते, पापण्या फडफडतात आणि लेखणी पुन्हा चालू लागते. श्रुतलेखनाच्या वहीत मधले दोन शब्द गळलेले असतात. त्यावर ‘लक्ष नाही’ असा लाल शेरा पडतो, क्वचित टपलीही. खरे तर ती वही म्हणजे निदानाचा पुरावा असतो. डॉक्टरांसमोर फिट येईलच असे नाही, मेंदूचा आलेखही कधी कधी निर्दोष निघतो. अशा वेळी काय दिसले, कोणत्या बाजूने सुरू झाले, किती वेळ चालले, हे शिक्षकांनी लिहून ठेवलेले फार उपयोगी पडते.

मोठ्या फिटमध्ये मूल कोसळते, अंग ताठरते, हातपाय झटके देतात. आसपासची दप्तरे-बाके सरकवावीत, डोक्याखाली मऊ काही ठेवावे, मुलाला कुशीवर वळवावे आणि घड्याळ पाहावे. हातपाय दाबून धरू नयेत. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नये. चप्पल, कांदा, किल्ल्यांचा जुडगा यांनी फिट थांबत नाही. ती बहुतेक वेळा आपोआपच थांबते आणि श्रेय चपलेला मिळते! फिट ५ मिनिटांहून लांबली, लागोपाठ दुसरी आली किंवा ती आयुष्यातली पहिलीच असली, तर रुग्णवाहिका बोलवावी. भेदरलेल्या वर्गाला ही ५ मिनिटे तासाएवढी वाटतात, म्हणून अंदाजावर न जाता घड्याळच पाहायचे. नंतर मूल गुंगीत असते, कधी कपडे ओले झालेले असतात. शाळेत ठेवलेला एक जादा गणवेश त्या वेळी मोठ्या भाषणापेक्षा जास्त कामाचा.

फिटचा संबंध घरच्या दिनक्रमाशीही असतो. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजचेच पाहा: तिथे १९८५ साली बजाजचा कारखाना सुरू झाला आणि त्याभोवती पाळीवर चालणारी कामगारवस्ती वाढली. आई-वडिलांच्या पाळ्या बदलल्या की घरातली झोप आणि गोळीची वेळही बदलू शकते. अपुरी झोप व चुकलेली गोळी ही फिट येण्याची ठळक कारणे. शहरातल्या घाटी या सरकारी रुग्णालयात औषधासाठी जायचे तर रोजंदारीचा खाडा पडतो. दुपारचा डोस असेल तर तो देण्याची जबाबदारी, पालकांच्या लेखी संमतीने, शाळेने घेणे म्हणूनच शहाणपणाचे. फिट थांबल्या म्हणून गोळ्या बंद करणे मात्र धोक्याचे; साधारण २ वर्षे फिट न आल्यावर डॉक्टर त्या हळूहळू कमी करण्याचा विचार करतात.

२०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी यादीत फिटचा विकारही आहे. या कार्यक्रमाच्या तपासणी पथकाची शाळेतली फेरी वर्षातून एकदा होते. उरलेले वर्ष वर्गशिक्षकांच्याच नजरेवर.

‘बरे झाल्यावर पाठवा’ हे सौम्य वाटणारे वाक्य मुलाला शाळेबाहेर ढकलते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ नुसार प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. खो-खो, कबड्डी, सहल यांपासूनही बहुतेक मुलांना दूर ठेवण्याचे कारण नसते. पोहताना आणि उंचावर चढताना मात्र फिटची माहिती असलेले मोठे माणूस जवळ हवे.